दीपगृहातला आंधळा आणि मी

कोशाच्या कार्यालयात भिंतभर एक कपाट आहे आणि त्या कपाटाला एकशे ऐंशी खण आहेत. मित्रांनो, त्यांतला एकशे सत्तावन्नावा खण मी. चाळिशीला टेकलो आहे, पण अजून एका बोटाने उघडतो आणि कुरकुर करत नाही. माझ्या तोंडावर पितळेची छोटी चौकट आहे, तिच्यात पुठ्ठ्याचा तुकडा आहे आणि त्यावर शाईने लिहिले आहे : ‘टेक, क्रियापद’. बाकीच्या खणांत पन्नास-पन्नास, शंभर-शंभर शब्द दाटीवाटीने राहतात. माझ्यात एकच राहतो, आणि तो एकटाच मला पुरून उरतो. ही बढाई नाही, मोजलेली गोष्ट आहे. माझ्या पोटात दोन हजार तीनशे सतरा चिठ्ठ्या आहेत आणि त्या सगळ्या या एका इंग्रजी क्रियापदाच्या आहेत.

मला घडवले एका अबोल सुताराने. एकाच मापाचे एकशे ऐंशी खण करायचे म्हणजे महिन्यांचे काम. दहाव्या-बाराव्या खणानंतर कुणाचाही हात कंटाळतो. त्याचा कंटाळला नाही, पण त्याचे मौन मात्र सुटले. मुख्य संपादिका माप बघायला आल्या तेव्हा त्याने विचारले, एवढ्या खणांत ठेवणार तरी काय? त्या म्हणाल्या, शब्द. सुताराने रंधा थांबवला, थोडा विचार केला आणि म्हणाला, “मग कुलपं नकोत. ते कोण चोरतंय?”

त्याने आमच्या कोपऱ्यांत एकही खिळा मारला नाही. फळ्यांना दात पाडून ते एकमेकांत बसवले. दमट हवेत लाकूड रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ फुगत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून त्याने प्रत्येक खणाच्या वरच्या अंगाला थोडी फट ठेवली. त्या फटीमुळे मी आजवर एकदाही अडकलो नाही.

आता चिठ्ठी म्हणजे काय ते सांगतो. इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत सांगणारा मोठा कोश करायचा होता. अर्थ डोक्यातून लिहायचे नाहीत, पुराव्यावरून लिहायचे, असा मुख्य संपादिकांचा कटाक्ष होता. त्यांना सगळे ‘बाई’ म्हणत. तेव्हा त्या तेहतीस वर्षांच्या होत्या आणि त्यांचा आवाज शेवटच्या खोलीपर्यंत पोचत असे. वाचणाऱ्याने पुस्तक, पत्र, जुनी रोजनिशी, जे हाती येईल ते वाचायचे. शब्द जिथे भेटेल ते वाक्य चिठ्ठीवर उतरवायचे. खाली पुस्तकाचे नाव, पान, वर्ष लिहायचे. अशा हजारो चिठ्ठ्या जमल्या की त्यांचे गट पाडायचे. एक गट म्हणजे एक अर्थ.

गट लावण्याचे काम टपालकाकांचे. ते आधी टपालखात्यात पत्रांची वर्गवारी करत, म्हणून ‘टपाल’. वय तेव्हा अवघे तेवीस, तरी ‘काका’ हे नाव त्यांना पहिल्याच वर्षी चिकटले, कारण चुकीच्या जागी ठेवलेली चिठ्ठी दिसली की ते घरातल्या वडीलधाऱ्यासारखे रागवत. त्यांची बोटे माझ्यातून चालत तेव्हा पत्ते पिसल्यासारखा आवाज येई.

कार्यालयाचे नियम थोडे होते, पण दगडावरची रेघ. खणातून चिठ्ठी काढली तर तिच्या जागी आपले नाव लिहिलेले लाल कार्ड ठेवायचे. वाक्य पुढच्या बाजूला मावले नाही तर मागच्या बाजूला पुरे करायचे. आणि तिसरा नियम कागदाबद्दलचा. सुरुवातीच्या वर्षी कागदाची मोठी टंचाई होती. तेव्हा सगळ्यांनी आपापल्या घरून पाठकोरे कागद आणले. एका बाजूला लिहिलेले आणि दुसऱ्या बाजूला कोरे, ते पाठकोरे. कुणी जुनी बिले आणली, कुणी लग्नातल्या पाहुण्यांच्या याद्या, कुणी शाळेच्या उत्तरपत्रिका. अशा कागदाच्या वापरलेल्या बाजूवर रेघ मारायची, म्हणजे तो मजकूर रद्द समजला जाई. काका समासाची भोके पडलेली पट्टी कापून टाकत, कागदावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ ओढत आणि मग त्याचे आठ तुकडे करत. दोन रांगा, प्रत्येकी चार. प्रत्येक तुकडा साडेनऊ सेंटिमीटर रुंद आणि आठ उंच. मित्रांनो, हे वाक्य जरा नीट वाचून ठेवा. आधी रेघ, मग तुकडे.

माझ्या पाहुण्याची ओळख करून दिल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. ‘टेक’ हा मूळचा इंग्रजीच्या घरचा नव्हे. फार जुन्या इंग्रजीत ‘घेणे’ या अर्थाने दुसराच शब्द होता, ‘निमन’. मग उत्तरेकडून समुद्र ओलांडून लुटारू आले. लुटून झाल्यावर त्यांतले बरेच तिथेच राहिले, शेती करू लागले, शेजाऱ्यांत सोयरिकी जुळल्या. त्यांच्या बोलण्यात ‘टाका’ होता. त्याने हळूहळू घर बळकावले आणि काही शतकांत ‘निमन’ बेघर झाला. आज त्याच्या दोन खुणा उरल्या आहेत. हात बधिर झाला की इंग्रजीत तो ‘नम’ होतो, म्हणजे मुळात ‘घेतलेला’, ज्याची जाणीव कुणी काढून घेतली आहे असा. आणि चपळ माणसाला ‘निंबल’ म्हणतात, म्हणजे मुळात चटकन घेणारा. दुसऱ्याचे घर घेणाऱ्या शब्दाचा अर्थच ‘घेणे’ असावा, यावर कार्यालयात बरेच हसणे झाले होते.

‘टेक’चे मूळ अजून खोल खणत गेले तर तळाशी ‘हात लावणे’, ‘स्पर्श करणे’ असा अर्थ लागतो, असे जाणकार म्हणतात. आधी हात लावला, मग धरले, मग घेतले, मग घरी नेले. एका हाताच्या हालचालीतून सगळा संसार उभा राहिला. औषध घेणे, श्वास घेणे, बाजू घेणे, मनावर घेणे, हे सगळे त्याच्याकडेही आहे आणि आपल्याकडेही. पण फोटो आपण काढतो, तो घेतो. आंघोळ आपण करतो, तो तीही घेतो. परीक्षेबद्दल काका म्हणत, तिकडचे विद्यार्थी परीक्षा घेतात, इकडचे देतात, नापास मात्र दोन्हीकडे सारखेच होतात. बाईंनी माझ्या चिठ्ठ्यांतून एकूण बाहत्तर अर्थ वेगळे काढले. प्रत्येक गटाच्या पुढे निळे कार्ड उभे केले. मी उघडलो की निळी कार्डे शेतातल्या बांधांसारखी दिसत.

माझ्या कौतुकाचा काळ आला तो मी पंधरा वर्षांचा असताना. बाई एका जुन्या रोजनिशीतल्या चिठ्ठ्या पाहत होत्या. ती रोजनिशी दोनशे वर्षांपूर्वीच्या एका दीपगृहाच्या रखवालदाराची होती. एका कुटुंबाने ती थोड्या दिवसांसाठी वाचायला दिली होती आणि काकांनी तिच्यातून चिठ्ठ्या उतरवल्या होत्या. पुढे त्या घरात पाणी शिरले आणि रोजनिशीचा लगदा झाला. म्हणजे उरल्या त्या काकांच्या चिठ्ठ्याच.

एका चिठ्ठीवर रखवालदाराने दिवा खाली घेऊन काच पुसल्याचे वाक्य होते. बाईंनी चिठ्ठी सहज उलटली. मागे त्याच हाताने लिहिले होते : ‘द ब्लाइंड मॅन टुक द वॉल’. टुक म्हणजे टेकचाच भूतकाळ. आंधळ्या माणसाने भिंत घेतली? भिंत कोण घेऊन जाणार? नाही. आंधळ्याने भिंतीला हात लावला! शेकडो वर्षांपूर्वी मेला असे सगळे समजत होते तो सगळ्यांत जुना अर्थ, एका दीपगृहात जिवंत होता.

त्यांनी नियम पाळला. मागच्या बाजूला रेघ नव्हती, म्हणजे मजकूर रद्द नव्हता. रेघ नाही, म्हणजे पुढचे वाक्य मागे पुरे केले आहे. तरीही त्यांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या काकांना चिठ्ठी वर धरून दाखवली आणि अक्षर तुमचेच ना, असे विचारले. काकांनी चष्म्यावरून पाहिले आणि आपलेच म्हणून सांगितले. ते खरेच होते.

बाईंनी लेख लिहिला. दीपगृहात आंधळा कोण असेल, याचाही त्यांनी शोध घेतला आणि तो रखवालदाराचा म्हातारा बाप असावा, असा तर्क मांडला. गोल जिना चढताना त्याचा हात भिंतीवरून कसा सरकत असेल, यावर एक सुंदर परिच्छेद होता. लेख दूरदूर गेला. पत्रे आली. परदेशातले दोन विद्वान मला बघायला आले. त्यांच्यासमोर मला पूर्ण बाहेर काढून टेबलावर ठेवले गेले, आणि ती चिठ्ठी बघताना त्यांतल्या एकाने हात आधी रुमालाला पुसले. एकशे छप्पन्न आणि एकशे अठ्ठावन्न हे माझे शेजारी त्यानंतर कित्येक दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत, असे म्हणायला हरकत नाही. त्र्याहत्तरावे निळे कार्ड उभे राहिले : ‘स्पर्श करणे’. त्या कार्डामागे एकच चिठ्ठी होती, आणि बाकीच्या दोन हजारांपेक्षा तिचाच मान मोठा होता.

मग संगणक आले. नवे वाक्य हवे असले की लोक पडद्यावर शोधू लागले. माझी पितळी चौकट काळवंडली. कपाटाच्या माथ्यावर चहाचे कप आणि कुणाची तरी छत्री राहू लागली. आठवडेच्या आठवडे मला कुणी उघडत नसे. रोज सकाळी काका मात्र कपाटापुढून जाताना एखादा खण थोडा ओढून परत ढकलत. का, असे कुणी विचारले तर म्हणत, सांधे धरतात.

कोशाचे काम ‘ए’पासून सुरू झाले होते. माझ्या अक्षरापर्यंत पोचायला अडतीस वर्षे लागली. बाई एकाहत्तर वर्षांच्या झाल्या, काका एकसष्टचे. माझा खंड छापायला लागायला चार दिवस उरले असताना बाईंची भाची कार्यालयात आली.

ती पदार्थविज्ञान शिकलेली. सगळ्या चिठ्ठ्यांची दोन्ही बाजूंची चित्रे काढून संगणकात ठेवायचे काम तिला दिले होते. तिला काहीही सांगितले की तिचा पहिला प्रश्न ‘किती?’ असे. काकांनी दुसऱ्याच दिवशी तिचे नाव ‘मोजपट्टी’ ठेवले. तिने ते मनावर घेतले नाही. उलट काकांचा चहा किती वेळात गार होतो ते मोजून सांगितले.

त्या दिवशी दुपारी मी तिच्या टेबलावर होतो. माझ्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या मोजून झाल्या होत्या, चित्रे निम्म्यांची झाली होती. पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्यांच्या मागच्या बाजू ती पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहत होती. तिला काहीतरी खटकले होते. पहिल्या शंभरांत एकावन्न चिठ्ठ्यांवर रेघ होती आणि एकोणपन्नासांवर नव्हती. कुणी विसरभोळा असेल तर पाच-दहांवर रेघ राहून जाईल. बरोबर निम्म्यांवर कशी राहील?

बाई जेवायला गेल्या होत्या. काका डबा उघडत होते.

“काका, ही रेघ कागद कापायच्या आधी मारायचात की नंतर?”

“आधी,” काका म्हणाले. “आठ तुकड्यांवर आठ रेघा कोण मारत बसणार? एकच मारायची, ठणठणीत.”

मोजपट्टीने एक कागद घेतला. घड्या घालून त्याचे आठ भाग केले, दोन उभ्या रांगा, प्रत्येकी चार. मग पट्टीने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली आणि कागद काकांपुढे सरकवला. रेघ डाव्या रांगेतल्या वरच्या दोन भागांतून उतरत होती, बरोबर मध्यातून उजवीकडे जात होती आणि उजव्या रांगेतल्या खालच्या दोन भागांतून बाहेर पडत होती. चार भागांवर रेघ. चार भाग स्वच्छ.

“म्हणजे निम्मा जुना मजकूर रद्द झालाच नव्हता,” ती म्हणाली. तिला गणित सुटल्याचा आनंद झाला होता. ती तशीच हात धुवायला गेली.

काकांनी डब्याचे झाकण परत लावले. मग त्यांनी मला आपल्याकडे ओढले. त्यांची बोटे त्र्याहत्तराव्या कार्डापाशी गेली, ती एकुलती चिठ्ठी त्यांनी बाहेर काढली आणि उलटली. तेवीस वर्षांत त्यांनी ती कधी हातात घेऊन वाचली नव्हती. वाचायचे काम बाईंचे, जागेवर ठेवायचे त्यांचे. आता ते वाचत होते. ओठ हलत होते, जसे शाळेतल्या मुलाचे हलतात. मग त्यांचा हात पुन्हा माझ्यात आला आणि चिठ्ठ्यांच्या पाठी चाळू लागला. ‘खाली घेणे’ या सोळाव्या अर्थाच्या गटात तो थांबला. तिथून त्यांनी आणखी एक चिठ्ठी काढली. दोन्ही चिठ्ठ्या सदऱ्याच्या खिशात घातल्या आणि मला बंद केले.

लाल कार्ड त्यांनी ठेवले नाही.

मित्रांनो, मला जीव नाही असे लोक म्हणतात. पण आपल्या पोटात दोन जागा रिकाम्या आहेत आणि त्या जागांवर कुणाचेही नाव नाही, हे एखाद्या खणाला कसे लागते, ते मला विचारा. नियम करणाऱ्या पहिल्या चौघांत काका होते. त्यांनी तो मोडला, याचा अर्थ ती चिठ्ठी परत येणार नव्हती. आणि ती गेली तर बाईंचा लेख, ते त्र्याहत्तरावे कार्ड, छापखान्यात निघालेले पान, सगळे कायमचे शाबूत राहणार होते. काकांना काहीच करायचे नव्हते. फक्त गप्प बसायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजपट्टीने उरलेली चित्रे काढायच्या आधी मला पुन्हा मोजले. दोन हजार तीनशे पंधरा. तिने परत मोजले. मग ती आत्याकडे गेली आणि दोन चिठ्ठ्या कमी आहेत, लाल कार्डही नाही, असे तिने सांगितले.

बाई उठून माझ्यापाशी आल्या. त्यांनी सगळ्यात आधी कोणते कार्ड पाहिले असेल, ते वेगळे सांगायला नको. त्यामागची मोकळी जागा बघून त्या खुर्चीवर बसल्या. आवाज चढला नाही. उलट इतका खाली गेला की शेजारच्या खोलीतली माणसे गप्प झाली.

“अडतीस वर्षं एक चिठ्ठी हरवली नाही. आणि हीच?”

काका दारातच उभे होते, पिशवी अजून खांद्याला. ते पुढे आले. खिशातून दोन्ही चिठ्ठ्या काढून त्यांनी टेबलावर उलट्या ठेवल्या आणि एकमेकींना भिडवल्या. कागद कापताना पाते जिथे किंचित हलले होते, तिथे दोन्ही कडांना एकच बाक होता. कडा तंतोतंत जुळल्या. डावीकडे रेघ नव्हती : ‘द ब्लाइंड मॅन टुक द वॉल’. उजवीकडे काकांची तिरपी रेघ होती आणि तिच्याखाली वाक्याचा उरलेला भाग : ‘अँड वेंट टू द डोअर’. त्यापुढे लाल शाईची भलीमोठी फुली.

“बाई, हा आंधळा दीपगृहातला नाही,” काका म्हणाले. “हा माझा आहे. सातवीतला. भाषांतराचा पेपर होता. आंधळा भिंतीचा आधार घेत दारापर्यंत गेला, असं वाक्य होतं. मी आधार गाळला आणि नुसतं घेतलं. आईनं माझे सगळे पेपर ट्रंकेत ठेवले होते. टंचाईच्या वर्षी तेच आणले मी.”

काकांचे अक्षर सातवीत जसे बसले तसेच राहिले होते. म्हणून तर त्यांनी लांबून ते ओळखले होते.

बाईंनी दोन्ही तुकडे जवळ ओढले. मोजपट्टी शेजारीच उभी होती. काल सुटलेले गणित कुणाच्या अंगावर पडले, हे तिला आता कळत होते.

“किती मिळाले होते?” बाईंनी विचारले.

“पंचवीसपैकी नऊ.”

“मी त्याला रखवालदाराचा बाप केलं,” बाई म्हणाल्या. “जिना चढायला लावला.”

मग काकांनी उरलेलेही सांगून टाकले. काल ते चिठ्ठ्या घरी घेऊन गेले. स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली होती. चिठ्ठ्या तिच्यापर्यंत नेल्या होत्या. घरच्यांनी विचारले, हातात काय आहे, तर म्हणाले, काही नाही. त्यांना स्वतःच्या नऊ गुणांची लाज नव्हती वाटत. बाईंच्या उतारवयात त्यांच्या सगळ्यात मोठ्या शोधावर आपल्या हाताने बोळा फिरवायचा, हे त्यांना जमत नव्हते.

“जाळली असती तर तुमचा लेख खरा राहिला असता, बाई.”

“खरा नसता राहिला,” बाई म्हणाल्या. “फक्त खोटा ठरवता आला नसता. आणि परत का आणलीत?”

काकांनी माझ्याकडे बघितले.

“कार्ड ठेवलं नव्हतं,” ते म्हणाले. “जेवण जाईना.”

बाईंनी डोळे पुसले की चष्मा पुसला, ते मला माझ्या जागेवरून नीट दिसले नाही. पुढच्याच क्षणी त्यांनी छापखान्यात फोन लावला. तिथल्या पाने लावणाऱ्या मुख्य जुळाऱ्याने पान तयार आहे, आता एक अर्थ काढला तर नऊ ओळींचे भगदाड पडेल, असे ठणकावले. बाईंनी भगदाड राहू द्यायला सांगितले. ते त्या भरणार होत्या. त्यांनी कोरा कागद ओढला आणि त्याच नऊ ओळींत लिहिले की या कोशाच्या संपादिकेने पूर्वी या क्रियापदाचा ‘स्पर्श करणे’ हा अर्थ अलीकडच्या काळातही टिकून असल्याचे एका लेखात म्हटले होते. ते चूक होते. पुरावा म्हणून दिलेले वाक्य एका शाळकरी मुलाच्या उत्तरपत्रिकेतले निघाले. हा अर्थ प्राचीन आहे, पण जिवंत नाही.

काका गयावया करू लागले. नाव नाही तरी शाळकरी मुलाचा उल्लेख कशाला? लोक हसतील.

“हसू देत,” बाई म्हणाल्या. “आपला कोश वाचून कुणी हसलं, तर ते पहिल्यांदाच.”

लेखाचा आधार घेणाऱ्या अकरा विद्वानांना त्यांनी पत्रे लिहिली. दोघांनी उत्तर दिले नाही. आठ जणांनी सभ्य शब्दांत आभार मानले. हात पुसून चिठ्ठी बघणाऱ्या त्या पाहुण्याने मात्र लिहिले, की पत्र वाचून त्याने स्वतःच्या संग्रहातले सगळे कागद उलटून पाहिले आणि आता त्यालाही दोन पत्रे लिहायची आहेत.

त्यानंतर तीन महिने कार्यालयात एकच काम चालले. एकशे ऐंशी खणांतली प्रत्येक पाठकोरी चिठ्ठी काढायची, तिची पाठ पाहायची, आणि रेघ नसेल तर मारायची. बाई, काका आणि मोजपट्टी तिघे समोरासमोर बसत. कुणाच्या तरी वरसंशोधनाच्या याद्या निघाल्या, दुधाचे हिशेब निघाले, काकांचे भूगोलाचे पेपरही निघाले. त्यात त्यांना सतरा होते, हे त्यांनी दोनदा सांगितले. इतर खणांत अशीच चुकून शिरलेली आणखी तीन वाक्ये सापडली. तीनही काढली गेली. कोश थोडा लहान झाला आणि जास्त खरा झाला. माझ्या शेजाऱ्यांची अकड त्या महिन्यांत बरीच उतरली. माझीही.

सगळ्यात शेवटी ती चिठ्ठी आली. मोजपट्टीने विचारले, ही आता ठेवायची कुठे? तिच्या पुढच्या बाजूवर रखवालदाराचे वाक्य होते, ते तर अस्सल होते. ती सोळाव्या अर्थात जाणार होती, तिच्या दुसऱ्या अर्ध्याच्या शेजारी. फक्त पाठीवर रेघ मारायची राहिली होती. काकांनी पट्टी लावली, पेन टेकवले, आणि हात थांबला. इतक्या वर्षांपूर्वी एका मास्तरांनी त्या वाक्यावर फुली मारलीच होती. आता दुसऱ्यांदा ते स्वतः मारणार होते.

“बारीक मारा,” बाई म्हणाल्या. “वाचता आलं पाहिजे.”

काकांनी बारीक रेघ मारली. केसाएवढी. तिच्याखाली तो आंधळा आजही स्पष्ट दिसतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे खण असतील, बिजागऱ्या धरलेल्या पेट्या असतील, कपाटाच्या माथ्यावर बांधून ठेवलेले गठ्ठे असतील. अधूनमधून त्यांना उघडत जा, म्हणजे त्यांचे सांधे धरणार नाहीत. कुठलाही कागद खरा मानण्याआधी एकदा त्याची पाठ बघत जा, मग तो तुमच्या आवडत्या माणसाच्या हातचा का असेना. आणि कधी तुमचीच जुनी चूक तुमच्या हाती लागली, तर ती गुपचूप खिशात घालून घरी नेऊ नका. नेलीच, तर सकाळी परत आणा. जागा तुमची वाट बघत असते.